कशानं मेली?

म्हैस डाव्या कुशीवर घालायची, घोडा उजव्या. शवविच्छेदन शिकणाऱ्या पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला हे सुरुवातीलाच सांगतात, आणि त्याचं कारण पोटात असतं. रवंथ करणाऱ्या जनावराचं कोटीपोट डाव्या अंगाला असतं, मोठ्या जनावरात शंभर-दीडशे लिटरचं. ते वर राहिलं तर बाकीचं काही दिसत नाही, आणि चुकून सुरी लागली तर आंबलेला चारा सगळ्या अवयवांवर पसरतो. मग तपासायचं काय? घोड्याचं मोठं आंधळं आतडं उजवीकडे, म्हणून घोडा उजव्या कुशीवर. नंतर वरचा पुढचा पाय काखेतून सोडवायचा, मागचा खुब्यातून मोकळा करायचा, कातडं पाठीकडे उलटायचं, पोट उघडायचं, बरगड्या कापायच्या. प्रत्येक अवयव आधी जागेवर पाहायचा, मगच बाहेर काढायचा. रंग, आकार, वजन, वास, बोटाला लागणारा कठीणपणा, सगळं टिपायचं. यकृताची कड धारदार आहे की गोल? गोल असेल तर ते सुजलेलं होतं. फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाकायचा. निरोगी असेल तर तरंगतो, न्यूमोनियानं भरलेला असेल तर तळाला जातो.

ही रीत जुनी आहे आणि तिला पर्याय अजून सापडलेला नाही. ज्याला हे काम हातानं करावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून शिकवावंही लागतं, तो पशुवैद्यकीय विकृतिशास्त्राचा प्राध्यापक. कॉलेजात सगळे नुसतं ‘पॅथॉलॉजीवाले’ म्हणतात. गर्दी असते ती औषधवाल्यांकडे आणि शस्त्रक्रियावाल्यांकडे. यांच्याकडे येणारं जनावर बहुधा मेलेलं असतं, नाहीतर तुकड्यातुकड्यानं बरणीतून येतं. मालक रडून झालेला असतो. त्याला हवी असते विम्याची पावती. प्राध्यापकाला हवं असतं कारण.

हा लेख बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्याविषयी आहे, म्हणून प्रश्न इथूनच विचारतो. इथलं जनावर मेलं तर पुढं काय होतं?

हेंद्रेपाडा आता इमारतींनी भरला आहे. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या १ लाख ७४ हजार २२६ होती. त्यानंतर ती किती वाढली ते सकाळच्या लोकलला दारात लटकून कळतं. पण माणसं वाढली म्हणून जनावरं संपली नाहीत, ती फक्त दिसेनाशी झाली. गल्लीतली कुत्री आहेत, चिकनच्या दुकानापुढच्या जाळीतल्या ब्रॉयलर आहेत, कचराकुंडीभोवती फिरणाऱ्या गाई आहेत. थोडं बाहेर पडलं की सोनिवली, एरंजाड, बदलापूर गाव, आणि बारवी धरणाच्या रस्त्यानं मुरबाडकडे गेलं की गोठे, शेळ्या, पोल्ट्रीच्या लांबट शेड. यांतलं कुत्रं मेलं तर नगरपालिकेची गाडी येते. कोंबड्या मेल्या तर खड्डा. म्हैस मेली तर शेजारी जमतात आणि विचारतात, कशानं मेली? उत्तरंही तयार असतात. पान लागलं असेल. पोट फुगलं. कुणीतरी काहीतरी खायला घातलं. दुपारपर्यंत जेसीबी येतो आणि विषय मातीखाली जातो.

विकृतिशास्त्राच्या दृष्टीनं यांतलं एकही उत्तर टिकत नाही. पोट फुगणं हेच बघा. जनावर पोटफुगीनं मरतं हे खरं, पण कशानंही मेलेलं जनावर चार तासांत फुगतंच, कारण कोटीपोटातले जंतू मालकाच्या शोकासाठी थांबत नाहीत, ते आंबवण्याचं काम चालूच ठेवतात. फुगून मेली की मरून फुगली, हे बाहेरून बघून कुणालाही सांगता येत नाही. आतून सांगता येतं. जिवंतपणी फुगलेल्या जनावरात अन्ननलिकेचा मानेतला भाग रक्तानं तुंबलेला दिसतो आणि छातीतला भाग फिका पडलेला, आणि त्यांच्यामधली रेघ स्पष्ट असते. पोटाच्या दाबानं रक्त पुढं ढकललं गेल्याची ती खूण. मेल्यावर फुगलेल्यात ती रेघ नसते. एवढ्या एका रेघेसाठी म्हैस उघडावी लागते, आणि ती वेळेत उघडावी लागते.

वेळ हा या विद्येचा खरा शत्रू आहे. मे महिन्यात बदलापुरात पहाटे धारेच्या वेळी म्हैस मेलेली सापडली आणि डॉक्टर अकराला पोचले, तर तोवर मूत्रपिंडाचा लगदा होऊ लागतो, यकृतात वायूचे बुडबुडे येतात, पित्ताचा हिरवा-पिवळा डाग शेजारच्या आतड्यांवर उतरतो. नवख्याला हे सगळे रोग वाटतात. त्यामुळे विद्यार्थ्याची बरीच मेहनत रोग ओळखण्याच्या आधी मरणानं स्वतः काय केलं आहे ते ओळखण्यात जाते. मरणाची कामगिरी बाजूला काढली की जे उरतं तो रोग. काही वेळा काहीच उरत नाही, आणि तेही अहवालात तसंच लिहायचं असतं. मोघम ‘हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू’ लिहून सुटका करून घेणं सोपं असतं. हृदय बंद पडल्याशिवाय कोण मरतं?

हेंद्रेपाड्याहून जवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय परळला, साठेक किलोमीटरवर. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झालं, सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीच्या आधारानं. शेजारचं बाई साकरबाई पेटिट जनावरांचं रुग्णालयही त्याच घराण्याचं. पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. कॉलेज सुरू होण्याच्या वर्षभर आधी, १८८५ मध्ये, ब्रह्मदेशात खेचरांच्या रक्तात त्यांनी सर्रा रोगाचा परजीवी पाहिला होता, आणि तो आधी शोधणाऱ्या ग्रिफिथ इव्हान्स यांचं नाव त्याला दिलं होतं. म्हणजे कॉलेजच्या पहिल्या प्राचार्याची ओळखच सूक्ष्मदर्शकातून झालेली. कॉलेज पुढे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात गेलं आणि २००० सालापासून नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठात. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ, अकोला ही त्याची भावंडं.

परळच्या ज्या आचार्य दोंदे मार्गावर हे कॉलेज आहे, तो रस्ता मला नेहमी विलक्षण वाटतो. केईएम, टाटा मेमोरियल, वाडिया, हाफकिन सगळे हाकेच्या अंतरात. प्लेगची लस काढणाऱ्या हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक मानले जाणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळेत कर्करोगाच्या संशोधनाची पायाभरणी केली. माणसाच्या गाठीचा तुकडा आणि कुत्रीच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा एकाच परिसरातल्या दोन इमारतींत, एकाच पद्धतीनं कापला जातो, एकाच दोन रंगांत रंगवला जातो. एका इमारतीपुढे देशभरातून आलेली माणसं फुटपाथवर मुक्काम ठोकतात. दुसरी कुठे आहे हे शेजारच्या टॅक्सीवाल्यालाही दोनदा विचारावं लागतं.

या देशात जनावरांच्या रोगांचा प्रयोगशाळेत बसून शोध घेण्याची सुरुवातही महाराष्ट्रातच झाली. बुळकांडीनं गुरांच्या दावणीच्या दावणी रिकाम्या होत होत्या. १८७१ मध्ये सरकारच्या कॅटल प्लेग कमिशननं अहवाल दिला, आणि १८८९ च्या डिसेंबरात पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उभी राहिली. प्रमुख म्हणून आल्फ्रेड लिंगार्ड आले. साथीच्या रोगाचे जंतू गजबजलेल्या शहरात हाताळणं धोक्याचं म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. १८९७ मध्ये खुद्द रॉबर्ट कॉख तिथे जाऊन आले. तीच आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था. ज्या रोगासाठी ती जन्मली, त्या बुळकांडीचं भारतात शेवटचं प्रकरण १९९५ मध्ये दिसलं आणि २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं. देवीनंतर माणसानं पृथ्वीवरून पुसलेला हा दुसराच रोग. देवी गेल्याचं शाळेत शिकवतात, बुळकांडी गेल्याचं कुणाच्या गावीही नाही. आजच्या विद्यार्थ्यांनी ती फक्त जुन्या स्लाइडवर पाहिलेली असते.

पुन्हा म्हशीकडे वळू. बदलापूरसारख्या वाढत्या गावात शवविच्छेदनाच्या टेबलावर हमखास शोधावी अशी एक गोष्ट म्हणजे तार. गाई-म्हशी चारा निवडून खात नाहीत. जिभेनं ओढतात, गिळतात आणि सावकाश रवंथ करतात. पेंढ्याच्या गठ्ठ्याची तार, बांधकामावरच्या सळीचं बांधणीचं टोक, खिळा, सगळं चाऱ्याबरोबर आत जातं आणि जाळीपोटात साचतं. जाळीपोट आणि हृदय यांच्यामध्ये फक्त पडदा आणि काही सेंटिमीटरांचं अंतर. म्हैस गाभण असली, व्याली किंवा टेकडी उतरली की पोटाचा दाब वाढतो आणि तार पुढं सरकते. पडदा भेदून ती हृदयाच्या आवरणात शिरते आणि मागोमाग जाळीपोटातले जंतू. मग महिनाभर म्हैस खंगते, कोपर बाहेर काढून उभी राहते, मानेतली शीर फुगते, गळ्याखाली पाणी उतरतं. दूध कमी झालं म्हणून खुराक वाढवला जातो. टेबलावर हृदयाचं आवरण उघडलं की आत दुर्गंधी पू, आणि हृदयावर पिवळट, लोंबत्या तंतूंचा जाड थर. त्यात कुठेतरी काळी पडलेली, बोटाएवढी तार. एकदा पाहिलेलं विसरता येत नाही, असं शिकवणारे सांगतात. जिथे रोज नवी इमारत उभी राहते आणि शेजारी गोठा आहे, तिथे हा रोग बिल्डरच्या खात्यावर लिहायला हवा, असं माझं मत आहे.

मोकाट गाईंच्या पोटात तारेच्या जोडीला प्लास्टिक. महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्यांवरची बंदी २०१८ मध्ये अमलात आली, कोटीपोटांपर्यंत ती पोचलेली नाही. पिशव्यांचा दोरखंडासारखा पिळलेला गोळा बाहेर काढताना दोघे लागतात. गाय उपाशी मेलेली असते, पोट भरलेलं असतं.

प्रत्येक जनावर उघडायचं नसतं, हेही शिकवावं लागतं. काल संध्याकाळपर्यंत धडधाकट असलेली गाय सकाळी मेलेली सापडली, नाकातून-गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल आणि अंग ताठलेलं नसेल, तर सुरी खाली ठेवायची. ती फाशी असू शकते, माणसात जिला काळपुळी म्हणतात. मृत शरीर उघडलं की जंतूंना हवा मिळते आणि ते बीजाणू बनवतात. ते मातीत वर्षानुवर्षं, दशकानुदशकं टिकतात. म्हणून फक्त कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काढून काचपट्टीवर पसरायचं. ते जुन्या मिथिलीन ब्लूनं रंगवलं की निळे, चौकोनी टोकांचे दंडजंतू दिसतात आणि त्यांच्याभोवती गुलाबी आवरण. ही खूण जॉन मॅकफेडियन यांनी १९०३ मध्ये सांगितली, आजही तीच वापरतात. नंतर शव जाळायचं, नाहीतर खोल पुरायचं. पुरताना चुना टाका असं कित्येक वर्षं सांगितलं गेलं. पण जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिका चुना नको म्हणते, कारण चुन्यातलं कॅल्शियम बीजाणूंना टिकायला मदत करू शकतं. आपल्याकडे अजूनही पहिली मागणी चुन्याच्या पोत्याची होते.

आता बरणी. मोठं जनावर परळपर्यंत नेणं जवळपास अशक्य, त्यामुळे शवविच्छेदन गोठ्यावरच होतं, गावातला पशुधन विकास अधिकारी ते करतो आणि तुकडे पुढं पाठवतो. नियम साधे आहेत. तुकडा अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नको, दहा टक्के फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट हवं, बाटली रुंद तोंडाची हवी, रोगट आणि निरोगी भागाची सीमा तुकड्यात यायला हवी. प्रत्यक्षात बाटली लोणच्याची असते, यकृताचा अख्खा लोंदा त्यात कोंबलेला असतो, फॉर्मॅलिन नावापुरतं. बाहेरून तो घट्ट होतो, आतून कुजतो, आणि अरुंद तोंडातून बाहेर काढताना फाटतो. विषबाधेचा संशय असेल तर फॉर्मॅलिन चालतच नाही. तेव्हा अवयव मिठाच्या संपृक्त द्रावणात रासायनिक तपासणीला पाठवावे लागतात. ज्वारीचं किराळ लागलं असेल तर झटपट गोठवून पाठवावं लागतं, कारण त्यातलं सायनाइड उडून जातं. पिसाळलेल्या जनावराच्या मेंदूचा अर्धा भाग ग्लिसरीन सलाइनमध्ये, अर्धा फॉर्मॅलिनमध्ये, अशी जुनी पद्धत. एका मृत्यूसाठी तीन बाटल्या, आणि कोणती कुठली हे लिहिलेलं लेबल पेनाचं असेल तर फॉर्मॅलिनमध्ये पुसलं गेलेलं. लेबल पेन्सिलीनं लिहावं, हे प्रत्येक बॅचला पुन्हा सांगावं लागतं.

प्रयोगशाळेत तुकडा अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांतून जातो, पाणी निघून जातं, मेण आत शिरतं, मेणाचा ठोकळा तयार होतो. मायक्रोटोम त्याचे चार-पाच मायक्रॉनचे काप काढतो. कोमट पाण्यावर तरंगणारा तो कापाचा पापुद्रा काचेवर उचलणं हे हाताचं कसब आहे, आणि ते बहुतेक ठिकाणी प्राध्यापकापेक्षा त्या खोलीत वर्षानुवर्षं बसलेल्या तंत्रज्ञाकडे असतं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्याचं नाव शेवटून दुसरं येतं. हिमॅटॉक्सिलिन-इओसिननं पेशींची केंद्रकं निळी होतात, बाकीचं गुलाबी. मग प्राध्यापक आणि एम.व्ही.एस्सी.चा विद्यार्थी एकाच मायक्रोस्कोपवर बसतात. शिकवण्याची सगळी गंमत इथे असते. विद्यार्थी रोगाचं नाव सांगायला उतावीळ असतो, आणि प्राध्यापक म्हणतो, नाव नको, काय दिसतंय ते सांग. आधी वर्णन, मग निदान. घाणेरीची पानं खाऊन काविळलेल्या गुराचं यकृत ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात नवलाचं नाही. तरीही पेशी फुगल्यात, पित्तनलिका वाढल्यात, रंगद्रव्य साचलंय, असं क्रमानं बोलता आलं पाहिजे. जो वर्णन करू शकतो तो न पाहिलेला रोगही पकडतो, आणि नवे रोग येतच असतात. लम्पी भारतात २०१९ मध्ये ओडिशात दिसला आणि २०२२ मध्ये महाराष्ट्रभर गोठ्यांत पोचला.

कोंबडीच्या बाबतीत तर वर्णन आणि निदान यांतलं अंतर फार महागात पडू शकतं. पोल्ट्रीवाला पाच-सहा मेलेल्या कोंबड्या गोणीत घालून आणतो. विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त शवविच्छेदनं कोंबड्यांचीच करायला मिळतात, कारण म्हशी दुर्मिळ आणि कोंबड्या हव्या तेवढ्या. राणीखेतमध्ये ग्रंथिल जठरावर रक्ताचे ठिपके दिसतात, गंबोरोमध्ये गुदद्वाराजवळची फॅब्रिशियसची पिशवी सुजते किंवा रक्ताळते. पण नुसत्या डोळ्यांना बर्ड फ्लू आणि राणीखेत पुष्कळदा सारखेच दिसतात. २००६ मध्ये नवापूरला कोंबड्या मरू लागल्या तेव्हा आधी राणीखेतचाच संशय होता. फेब्रुवारीत भोपाळच्या प्रयोगशाळेनं एच५एन१ सांगितलं, भारतातला पहिला. मग कत्तल झाली, भाव पडले, नंदुरबारचा तो तालुका देशभर गाजला. २०२२ च्या फेब्रुवारीत हाच विषाणू शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत सापडला, म्हणजे बदलापूरकरांच्या अगदी अंगणात. शेडभोवतीच्या एक किलोमीटरमधल्या कोंबड्या मारल्या गेल्या आणि इथल्या दुकानदारांनी आठवडाभर अंडी विकली. निदानाचा शेवटचा शब्द भोपाळचा असतो, परळचा नाही. पॅथॉलॉजीवाल्याचं काम, नमुना आत्ताच भोपाळला जायला हवा, हे ओळखण्याचं.

गल्लीतल्या कुत्र्यांकडे एक वेगळीच गोष्ट आहे. त्यांच्या जननेंद्रियांवर फुलकोबीसारखी, रक्ताळलेली गाठ दिसते. तो कर्करोग असतो, आणि तो लागट असतो. विषाणू नाही, दुसरा जंतू नाही. कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे संभोगातून जातात आणि नव्या शरीरात रुजतात. म्हणजे ही गाठ त्या कुत्र्याची नसतेच. काही हजार वर्षांपूर्वी आशियात कुठेतरी मेलेल्या एका कुत्र्याची ती अजून जगत राहिलेली पेशी. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात तिचं वय चार ते साडेआठ हजार वर्षं निघालं. सुईनं घेतलेला थेंबभर नमुना काचेवर पसरला की गोल पेशी आणि त्यांतल्या स्वच्छ पोकळ्यांची रांग दिसते. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही ती ओळखतो, आणि व्हिन्क्रिस्टिनच्या काही आठवड्यांच्या इंजेक्शनांनी बहुतेक गाठी विरघळतात. हेंद्रेपाड्याच्या नाक्यावर पाय ताणून झोपलेल्या कुत्र्याच्या अंगावर सिंधू संस्कृतीच्या काळची, कदाचित त्याहूनही जुनी कुत्री जगत असेल, हे लक्षात आल्यापासून मी त्यांना हाकलताना जरा अदबीनं हाकलतो.

या विद्येनं आपल्या काळात केलेला सर्वांत मोठा शोध गिधाडांचा. १९९० नंतर भारतातली गिधाडं नाहीशी होऊ लागली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूरला ती घट मोजून दाखवली. पांढऱ्या पाठीची गिधाडं पुढे हजारात एक उरली. सगळ्यांना विषाणूचा संशय होता, आणि शोधही त्याच दिशेनं चालला होता. अमेरिकेतले पशुरोगतज्ज्ञ लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानात ताजी मेलेली गिधाडं उघडली, तेव्हा बहुतेकांच्या यकृतावर, हृदयावर खडूच्या पुडीसारखा पांढरा थर होता. तो युरिक आम्लाचा. म्हणजे मूत्रपिंडं निकामी झालेली. विषाणू सापडेना, जड धातू सापडेनात. मग प्रश्न उलटा विचारला गेला: गिधाड खातं काय? मेलेली गुरं. त्या गुरांना मरण्याआधी काय दिलेलं असतं? औषध-दुकानदार आणि डॉक्टरांकडे चौकशी केली तेव्हा मूत्रपिंड बिघडवू शकणारं एक वेदनाशामक सगळीकडे निघालं: डायक्लोफेनॅक. औषध दिलेल्या म्हशीचं मांस गिधाडांना खाऊ घालून पाहिलं आणि तोच पांढरा थर दिसला. निष्कर्ष २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. भारतानं जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक २००६ मध्ये थांबवलं. माणसांच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वळवल्या जात होत्या म्हणून २०१५ मध्ये त्यांवरही मर्यादा आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक बंद झाली.

हा शोध पूर्णपणे टेबलावरचा आहे. कुणीतरी ताजं शव वेळेत मिळवलं, उघडलं, पांढरं काय आहे ते विचारलं. त्याची किंमत नंतर अर्थशास्त्रज्ञांनी काढली. इयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांच्या २०२४ मधल्या अभ्यासाप्रमाणे गिधाडं गेल्यामुळे कुजकी शवं, कुत्री, दूषित पाणी या साखळीतून २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख जादा माणसं मेली. या आकड्यावर वाद घालता येईल, दिशेवर नाही.

एवढं मोठं काम ज्या विषयात होतं, त्या विषयाची कॉलेजातली स्थिती काय? पशुवैद्यकाची पदवी इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची. त्यात पॅथॉलॉजी सर्वांना शिकावी लागते, पण पुढं ती निवडणाऱ्यांना घरचे विचारतात, दवाखाना कधी टाकणार? एम.व्ही.एस्सी. झालेल्यांना औषध कंपन्या आणि विषशास्त्राच्या चाचणी-प्रयोगशाळा उचलतात. नव्या औषधानं उंदराच्या यकृतात काय केलं हे वाचायला तोच डोळा लागतो, आणि पगार कॉलेजाहून बरा असतो. त्यांना दोष देता येत नाही. कॉलेजात राहणाऱ्याला वर्ग, परीक्षा, विद्यार्थ्यांचे प्रबंध, प्रकल्पाचे हिशेब आणि मधूनच आलेली लोणच्याची बाटली. बढतीला शोधनिबंध मोजले जातात. मुरबाडच्या शेळ्या कशानं मेल्या हे दोन दिवसांत सांगितलेलं कुठल्या रकान्यात बसत नाही. खरं तर हीच या खात्याची कमाई असायला हवी. संग्रहालयातल्या फॉर्मॅलिनच्या बरण्यांतही जुन्या पिढीनं असंच काम करून ठेवलेलं असतं. बैलाच्या शिंगाच्या कर्करोगाचे नमुने बघायला परदेशी मंडळी थांबतात, कारण तो रोग मुख्यतः आपल्याकडचा. बैलच कमी झाले, तेव्हा नवे नमुने येणार कुठून?

उरला पाण्याचा विषय. उल्हास नदीची बदलापूरची इशारा पातळी १६.५० मीटर, धोक्याची १७.५०. २००५ च्या २६ जुलैला, २०१९ च्या जुलैत आणि पुन्हा २०२१ मध्ये पाणी हेंद्रेपाड्यात शिरलं. २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, त्यामुळे ते वर्ष सगळ्यांच्या लक्षात आहे. पूर उतरला की चिखलात कुत्री, शेळ्या, कधी म्हशी पडलेल्या असतात. आरोग्य खातं माणसांना डॉक्सिसायक्लिन देतं, ते योग्यच, कारण लेप्टोस्पायरा उंदरांच्या, कुत्र्यांच्या, गुरांच्या मुतातून पाण्यात येतो. पण तो मूळचा राहतो त्यांच्या मूत्रपिंडातल्या नळ्यांत. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या कापावर तो काळ्या, वेटोळ्या केसासारखा दिसतो. कुठल्या वस्तीत, कुठल्या जनावरात, किती, हे पुरानंतरच्या शवांतून समजू शकतं. आणि ती सगळी शवं आपण त्याच संध्याकाळी पुरून टाकतो.

नगरपालिकेच्या मेलेली जनावरं उचलणाऱ्या गाडीत बर्फाची एक पेटी, फॉर्मॅलिनच्या चार रुंद तोंडाच्या बाटल्या आणि एक पेन्सिल ठेवायची. मूत्रपिंडाचा तुकडा घ्यायला पाच मिनिटं लागतात, शिकवायला अर्धा दिवस. परळचे विद्यार्थी पावसाळ्यात इथे येऊन हे करतील, त्यांना शवं हवीच असतात. खर्च एका बॅनरच्या खर्चाहून कमी. त्याआधी एकच गोष्ट मिटवावी लागेल. जनावर पशुसंवर्धन खात्याचं, शव नगरपालिकेचं, पूर महसूल विभागाचा, आणि ताप आरोग्य खात्याचा. बाटलीवर सही कुणाची?